उजव्या अंगाचं दार

१

मेलेल्या माणसाची पेटी उघडून त्याच्या बायकोनं रडायच्या ऐवजी पोलिसात फिर्याद करावी, असं माझ्या उभ्या नोकरीत एकदाच घडलं. त्या फिर्यादीचा जो शेवट झाला तो आठवला की आजही घास तोंडात फिरतो.

जर्मनीची लढाई चालू होती आणि मी निजाम सरकारचा अमीन म्हणून सिरसाळ्याच्या चौकीवर होतो. अमीन म्हणजे तुमचा फौजदार. गावाला माझा धाक आहे अशी माझी समजूत होती, आणि ती मोडायची गावाला गरज वाटत नव्हती. असा मी सकाळी चहाची वाट बघत बसलो असताना बायडाबाई आली. डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे हात जोडत धावणारा थोरला दीर सटवा. तिनं पेटी माझ्या पायाशी आपटली.

"साहेब, आमच्या मालकाचा घात झालाय," ती म्हणाली.

"साहेब, तिचं मनावर घेऊ नका," सटवा मागून म्हणाला. "दुःखानं डोकं फिरलंय तिचं."

गोष्ट मला ठाऊक होती. साऱ्या गावाला होती. बायडाबाईचा नवरा सुग्रीव हा मेंढरं राखणाऱ्या घरातला, पण लहानपणापासून त्याचा जीव लाकडात. घाटनांदूरला गाड्या करणाऱ्या सुताराकडे शिकला, तिथून हैद्राबादेत विमानांचे लाकडी पंख दुरुस्त करायला गेला आणि लढाई लागल्यावर इराणात. इराणच्या बंदरावर अमेरिका आणि विलायतेची विमानं खोक्यांतून उतरायची, तिथंच जोडली जायची, आणि रूसी वैमानिक ती घेऊन आपल्या मुलखाकडे उडायचे. सुग्रीव तिथं कारागीर. त्याच्याच गावचा बंकट तिथं हमाल. आता बंकट एकटाच परत आला होता, सुग्रीवची पेटी आणि त्याच्या मौतीची खबर घेऊन. सुग्रीव चालत्या विमानातून पडला म्हणे, खाली दलदल होती, प्रेतसुद्धा मिळालं नाही.

"इराणातला घात मी सिरसाळ्यात बसून कसा धुंडू?" मी विचारलं.

"घात इराणात झाला आसंल. खोटं बोलनारा हितंच हाय." तिनं पेटीचं झाकण उघडलं. "बगा. सदरे हायत, कोट हाय, घोंगडी हाय, दाढीचा आरसा बी हाय. वाकस कुठंय? रंधा कुठंय? पटाशी कुठंय?"

मी पेटीत हात घालून पाहिलं. सुताराचं एकही हत्यार नव्हतं.

"कुणी लांबवली असतील," मी म्हणालो.

"डावखोऱ्याची हत्यारं हायत ती. मुठी डाव्या पंजाला झिजल्यात. दुसऱ्याच्या हाताला लागत बी न्हाईत." तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "आमचे मालक जेवायला बसले तरी वाकस मांडीखाली घिऊन बसायचे. पडले त्ये हातात काय न घेता पडले म्हनतो बंकट. मग हत्यारं कुठं गेली? जवर ह्ये कुनी सांगत न्हाई तवर मी रांडाव न्हाई. माझी सासू बी तेच म्हनती."

सटवानं मान खाली घातली. मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई वेडी नाही, आणि तो विचार काही सुखाचा नव्हता.

२

सटवाला मी आधी बाजूला घेतलं. भाऊ मेला की जमीन कुणाकडे जाते हे कळायला अमीन व्हावं लागत नाही.

"तुला भावाचे दिवस घालायची एवढी घाई का?" मी विचारलं.

"घाई न्हाई, साहेब. म्हातारी रोज वाटंकडं बघत बसती. खात न्हाई. एकदा दिवस घातले म्हंजी तिच्या मनाची समजूत पटंल. आन् बायडीला बी घर मिळंल. आमच्यात पाट लागतो, तुमाला म्हाईत हाय. रांडाव बाईनं कुनाचं तरी घर धरावं, त्यात काय वंगाळ न्हाई."

"कुणाचं घर?"

तो जरा घुटमळला. "बंकटनं हात मागितलाय."

मी खुर्चीत ताठ झालो. खबर आणणारा बंकट, मौत पाहणारा एकटा बंकट, आणि विधवेला पाटाची मागणी घालणाराही बंकटच. मला वाटलं, आता चोराच्या मनात चांदणं कसं पडलंय ते पाहावं. जवान पाठवून मी त्याला आणवला.

बंकट हाडानं रुंद, पण नजर कायम जमिनीवर. मी दरडावून म्हणालो, "बोल बे, काय झालं ते. खरं सांग."

तो डोळे मिटून बोलू लागला.

"इंग्रजांचं विमान व्हतं, डकोटा. लई मोठं, दोन इंजनाचं. सकाळची येळ. नाक उत्तरंला करून चाललं व्हतं. मी आत बसलतो, सुग्रीव दाराजवळ. उजव्या अंगाचं दार. त्याची कडी ढिली वाजत व्हती म्हनून त्यो बघायला उटला. दार उगडलं. सकाळचं ऊन थेट डोळ्यात गेलं, त्याला दिसंना झालं, आन् पाय चुकला. खाली दलदल. हाती काय लागलं न्हाई."

"पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. शब्द न् शब्द तोच, थांबायची ठिकाणंसुद्धा तीच. पहिलवानासारखा माणूस पाठ केलेलं आरतीसारखं म्हणत होता. डोळ्यांदेखत दोस्त मेलेला माणूस अडखळतो, मागचं पुढे करतो, मध्येच गप्प होतो. हा गडी खोटं बोलत होता यात मला शंका उरली नाही. यानंच ढकलला असणार, असं मी मनाशी पक्कं केलं.

"पाट पाहिजे होता म्हणून दोस्ताला ढकललंस?" मी विचारलं.

"न्हाई, साहेब. आईची आन. म्या त्याला हात बी लावला न्हाई."

"मग हत्यारं कुठं आहेत त्याची?"

त्याची नजर पुन्हा जमिनीवर गेली. हत्यारांबद्दल त्याला काही पाठच नव्हतं.

मी त्याला हवालातीत टाकला. गावात बोंब उठली की बंकट आता फासावर जाणार. मी स्वतःवर इतका खूष होतो की दुपारी जास्तीची भाकरी खाल्ली. तेवढ्यात बायडाबाई पुन्हा दारात उभी. मला वाटलं, पाया पडायला आली असेल.

"साहेब, त्याला मारू नका," ती म्हणाली.

"ज्यानं तुझा नवरा मारला त्याची रदबदली करतेस?"

"बंकटनं न्हाई मारलं. त्यो बारका व्हता तवापास्नं बघते मी. सनाला बकरं कापायचं म्हनलं की रानात पळून जातो." ती उंबऱ्यावर टेकली. "त्यो खोटं बोलतोय, पर त्ये खोटं त्याचं न्हाई. एवढं नीट लावून बोलनं त्याला जमत न्हाई. कुनीतरी त्याच्या तोंडात घातलंय."

माझा सकाळपासूनचा आनंद तिथंच विझला.

३

बाजारच्या दिवशी भल्या सकाळी जानकीबाई आल्या. मोमिनाबादच्या सरकारी दवाखान्यात त्या मोठ्या नर्स; सरकारदरबारी मोमिनाबाद, लोकांच्या तोंडी अंबेजोगाई. मूळच्या पाटोद्याच्या, पायात पुरुषी बूट, आणि बोलणं असं की सुईच बरी. पोरांना देवी काढायला त्या सिरसाळ्यात आल्या की चहा माझ्याकडे घेत आणि माझ्या पोटाबद्दल टोमणा मारून जात. पण त्या दिवशी मला त्यांची गरज होती, कारण लढाईत त्या इराणातल्या इंग्रजी फौजी इस्पितळात राहून आल्या होत्या.

"बाई, तुम्ही विमानात बसलाय?" मी विचारलं.

"बसायला कुठं मिळतंय? उभीच होते, जखमी माणसं धरून. इंग्रजांच्या विमानातून कितीदा तरी, आणि एकदा रूसी विमानातून. त्यांचा वैमानिक भाजला होता, त्याला तेहरानला पोचवायला."

मी त्यांना सारं सांगितलं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि बंकटला बाहेर काढायला लावलं. त्यानं डोळे मिटून आपली आरती म्हटली. जानकीबाई मध्ये बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "विमान वर चढताना कानाला काय झालं तुझ्या?"

"कानाला?" तो गोंधळला. "काय न्हाई, बाई. आवाज आला लई."

"दडे बसले नाहीत?"

"न्हाई बा."

"बरं. दारातून आत गेल्यावर चालायला सपाट होतं का चढ?"

"सपाट," बंकट म्हणाला. "आपल्या ओसरीवानी."

जानकीबाईंनी त्याला परत आत पाठवला आणि माझ्याकडे वळल्या. "हा कधीच विमानात बसलेला नाही. कानाचे दडे तान्ह्या पोरालासुद्धा चुकत नाहीत. आणि ते विमान जमिनीवर असताना शेपटावर बसतं. आत शिरलं की घाटासारखा चढ. माणसं वर चढवताना माझी कंबर मोडलीय तिथं."

"म्हणजे साराच बनाव?"

"थांबा. गंमत पुढेच आहे." पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत दिसत नव्हती. त्यांनी माझी पाटी ओढली आणि खडूनं शेजारी शेजारी दोन विमानं काढली, अगदी सारखी. "हे डकोटा, अमेरिकेचं मूळ, इंग्रजही तेच वापरतात. आणि हे रूसी. रूसी लोकांनी अमेरिकेकडून रीतसर नमुना आणला, पण दुसऱ्याचा अंगरखा उसवून आपल्या मापानं शिवावा तसं केलं. इंचाची मापं मोडून आपल्या मापात बसवली. इंजिनं स्वतःची घातली. आणखी बरंच फिरवलं."

"बिघडवलं म्हणा की."

"तुम्ही इंग्रजांची बाजू कधी सोडणार? कुठं उतरायचंय त्यावर असतं. इंग्रज-अमेरिकेचं विमान म्हणजे घड्याळजीचं काम. आत सारं रेखीव, हाताला मऊ, पण बिघडलं की त्याचाच नेमका भाग मागवा आणि बसा वाट बघत. रूसी विमान गाडीवानाचं. आत नुसतं लोखंड, बसलं की हाडं मोजून घ्यावीत. पण कळा अशा दांडग्या की बर्फात जाड हातमोजे घालूनही फिरवता याव्यात, आणि मोडलं तर माळावर उभं राहून ठोकून चालू करता यावं. त्यांची लढाऊ विमानं तर पुष्कळशी लाकडाची, फळ्या सरसानं चिकटवून केलेली. मुंबईच्या धावपट्टीवर इंग्रजांचं विमान उतरवा. सिरसाळ्याच्या ढेकळांत उतरायचं तर मी रूसी विमानात बसेन."

"लाकडाची," मी म्हणालो. "म्हणजे सुतारकाम."

"हो. तेही डोक्यात ठेवा." त्यांनी खडू उचलला. "पण ह्या दोन मोठ्या विमानांत एक फरक असा आहे की तो माझ्या अंगात मुरलाय. माणसं वर चढवताना नर्सला पहिलं काय बघावं लागतं?"

"काय?"

"दार." त्यांनी पहिल्या विमानाच्या डाव्या कुशीवर रेघ मारली. "डकोटाचं दार डाव्या अंगाला." मग दुसऱ्याच्या उजव्या कुशीवर. "आणि रूसी विमानात माणसांचं दार उजव्या अंगाला. त्या भाजलेल्या वैमानिकाला घेऊन मी सवयीनं डावीकडे गेले, तर सारे हसले. मी म्हटलं, तुम्ही दार उलट्या बाजूला का नेलंत? त्यांचा दुभाषी म्हणाला, उलट्या बाजूला तुमचंच आहे."

मी पाटीकडे बघत राहिलो. डकोटा, इंग्रजांचं, उजव्या अंगाचं दार. बंकटचे शब्द माझ्या कानात वाजत होते.

"कधी न चढलेल्या विमानाचं दार त्यानं चुकून उजवीकडे सांगितलं असेल," मी म्हणालो. "पन्नास टक्के चुकायचंच."

"तसं असेल तर मी तुमच्या पोटाबद्दल पुन्हा बोलणार नाही," जानकीबाई म्हणाल्या. "बायडाबाईला बोलवा. आणि अंगणात एक बाज टाका."

४

अंगणात बाज टाकली. एका बाजूला बायडाबाई उभी, शेजारी सटवा. ऊन अजून कोवळं होतं. बंकटला बाजेवर बसवला.

"ही बाज म्हणजे विमान," जानकीबाई म्हणाल्या. "ह्याचं नाक कुठं होतं ते दाखव."

बंकट मेंढक्याच्या घरातला. सूर्याकडे बघून त्यानं लगेच उत्तर दाखवली.

"आता दार."

त्यानं उजवा हात पसरला. हात बरोबर उगवतीकडे गेला. त्याच दिशेनं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"बघा, विठ्ठलराव." जानकीबाई माझ्याकडे वळल्या, आवाज खाली आला. "सकाळ, नाक उत्तरेला, दार उजवीकडे, म्हणून ऊन दारातून डोळ्यांत. दार डावीकडे असतं तर मावळतीकडे उघडलं असतं आणि सकाळचं ऊन आलंच नसतं. मग पाय चुकायला कारणही उरलं नसतं. ज्यानं ही गोष्ट रचली त्यानं उजवं-डावं चुकून टाकलेलं नाही. दार उजवीकडे असतं हे धरूनच त्यानं सूर्य तिथं ठेवलाय. बंकटला दार ठाऊक नाही, चढ ठाऊक नाही, दडे ठाऊक नाहीत. रचणाऱ्याला विमान चांगलं ठाऊक आहे, पण ते रूसी. रोज तो त्याच दारातून आत-बाहेर करतो, इतका की इंग्रजांच्या विमानाची थाप मारतानाही हात उजवीकडेच गेला."

"म्हणजे रूसी लोकांपैकी कुणी?" मी विचारलं. "त्यांनी मारला आणि बंकटला पढवून धाडला?"

"रूसी माणूस मराठीत आरती बसवून देईल? आणि ती डावखुऱ्या मुठीची हत्यारं कुणाच्या कामाची, विठ्ठलराव? चोर नेणार नाही, साहेब ठेवणार नाही, मेलेला सुतार बरोबर नेत नाही. जो सुतार लाकडाच्या विमानांच्या कारखान्यात कामाला लागलाय, तो मात्र कपडे सोडेल आणि हत्यारं नेईल."

मला त्या वाक्याचा अर्थ कळला होता, पण डोकं तो आत घ्यायला तयार नव्हतं. खून शोधायला बसलो होतो मी. असलं काही हाती लागेल हे स्वप्नातही नव्हतं.

"बंकट," जानकीबाई म्हणाल्या, "ही गोष्ट तुला सुग्रीवनं शिकवली ना?"

बंकटनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा हुंदका दिला. "तुमाला कुनी सांगितलं?"

मग सारं बाहेर पडलं. सुग्रीव पहिल्या वर्षानंतरच रूसी लोकांकडे गेला होता. लाकडावरचा त्याचा हात बघून त्यांनीच त्याला ओढला. आधी बंदरावरच्या त्यांच्या आवारात, मग वर तबरीझला, त्यांच्या अंमलात. तिथं त्यानं एक बाई केली. तिला आता दिवस गेले होते.

"मला बंदरावर भेटाया आलता," बंकट सांगत होता. "म्हनला, मी काय आता येत न्हाई. तू जा आन् मेलो म्हून सांग. मी म्हनलं, आसं कावून? जित्ता हाय म्हून सांगतो की. तर म्हनला, मग ती जनमभर वाट बघंल. मेलो म्हनलं की मोकळी हुईल. सगळं घोकून घेतलं माझ्याकडनं. मी म्हनलं, ऊन कशाला पायजे? तर म्हनला, खोटं सांगायचं तर त्यात बारीकसारीक पायजे. आन् रूसी विमान म्हनू नको, लोक इचारतील त्यांच्यात काय करत व्हता. इंग्रजांचं म्हन."

"आणि पाट?" मी विचारलं.

बंकटनं जमिनीकडे पाहिलं. "त्ये बी त्यानंच सांगितलं. म्हनला, तुझ्या मनात ती हाय मला म्हाईत हाय. कर पाट."

मी बायडाबाईकडे बघायचं टाळत होतो, पण बघावंच लागलं. ती उभी होती तशीच उभी होती, फक्त एक हात सटवाच्या दंडावर गेला होता. थोरल्या दिराला तिच्यातल्या बाया शिवतसुद्धा नाहीत. तिला ते कळलं नसावं.

"सुग्रीवनं?" ती म्हणाली.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच. बायडाबाईनं ते असं घेतलं की रस्त्यावरच्या कुणाचं तरी आहे. सटवा दचकून तिच्याकडे बघू लागला.

"सुग्रीवनं माझी सोय लावली," ती पुन्हा म्हणाली. "दावं सोडून दुसऱ्याच्या हाती दिलं. आन् तू घेतलंस, बंकट?"

"माझ्या मनात व्हतं, वैनी. खोटं कशाला बोलू. पर त्यानं सांगितलं नसतं तर मी कदी मागितलं नसतं."

"म्हंजी तुजं मन बी त्याच्याच सांगन्यावर."

जानकीबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. कोडं सुटल्यावर त्या हटकून मला एखादा टोला देत. त्या दिवशी त्या वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधू लागल्या. आणि माझ्या ध्यानात हळूहळू आलं की आम्ही काय करून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मेलेल्या नवऱ्याची बायको पाट लावून नवं घर करू शकते. जिवंत नवऱ्यानं टाकलेली काय करणार? काडीमोड द्यायला तो समोर पाहिजे, पंचांपुढे पाहिजे. तो तबरीझला. त्याचं खोटं तिला मोकळं करत होतं, आणि आमच्या खऱ्यानं तिला जन्माची बांधली.

"साहेब," सटवा अचानक म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. "म्हंजी माझा भाऊ जित्ता हाय?"

जमिनीसाठी ह्यानं घाई केली असा संशय मी त्याच्यावर घेतला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

"आईला सांगाया पायजे," तो म्हणाला, आणि पागोटं सावरत पळत सुटला.

५

आम्ही घरी पोचेतो सटवानं सारं सांगून टाकलं होतं. सटवाची आई भामाबाई मेंढरांच्या वाड्यापाशी लोकर विंचरत बसल्या होत्या. म्हातारी तशी ठणठणीत, पण गेल्या काही दिवसांत गालफडं बसलेली. सटवा त्यांच्यासमोर उकिडवा बसून हसत होता आणि रडत होता.

"आपुन त्याला बोलवून घिऊ, आई," तो म्हणत होता. "चुकलं त्याचं. मानूस हाय. येऊ दे एकदा घरी, मग हानू त्याला."

भामाबाईंनी हातातली लोकर बाजूला केली. मला आणि जानकीबाईंना बसायला घोंगडी दाखवली. मग बंकटला जवळ बोलावलं.

"तुला भेटाया आलता तवा बरा व्हता?"

"व्हय, काकी. अंगानं भरलाय."

"मेलो म्हून सांग, ह्ये त्यानं सोता सांगितलं? कुनी धाकात घेतलं न्हाई?"

"न्हाई, काकी. सोता."

"बायडीची सोय काय, त्ये बी सांगितलं."

"व्हय."

भामाबाई थोड्या पुढे झुकल्या. "आन् माझ्यासाटी काय निरोप दिला?"

बंकट आमच्याकडे बघू लागला. मी मनातल्या मनात म्हणालो, आता तरी खोटं बोल बाबा, दोन शब्द आईसाठी रच. पण बंकटला रचता येत नव्हतं, ते तर आधीच सिद्ध झालं होतं.

"काय न्हाई, काकी," तो म्हणाला. "तुमचं काय बोलला न्हाई."

वाड्यात एक मेंढी ओरडत होती. भामाबाई बाजूची लोकर पुन्हा मांडीवर घेऊन तिच्यातले काटे वेचू लागल्या. मेल्याची खबर त्यांनी मानली नव्हती. आई आहे, मला कळलं असतं, असं त्या गावभर सांगत होत्या. त्यांचं खरं ठरलं होतं. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, खरं ठरण्यासारखी वाईट गोष्ट नाही.

"सटवा," त्या म्हणाल्या, "आंघुळीला पानी काढ. सुतक आलंय."

सटवाला कळेना. "आई, त्यो जित्ता हाय."

"ऐकलं म्या. कान शाबूत हायत." त्यांचा आवाज चढला नाही. "जित्ता मानूस आईला मेल्याचं सांगाया धाडत न्हाई. म्या सांगते त्यो मेला. पंचाला बी मीच सांगन. आईनं सांगितल्यावर पंच प्रेत मागत न्हाईत."

"सासूबाई," बायडाबाई म्हणाली. तिचा धीर तिथं पहिल्यांदा सुटला. "माझ्यासाटी जित्त्या पोराचं सुतक धरू नका. मी ऱ्हाते अशीच. तुमच्या पायापाशी ऱ्हाते."

"अशीच म्हंजी कशी? बायकू न्हाई, रांडाव न्हाई. दाराला बांधलेली शेरडी का काय?" भामाबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. "पाट लाव न्हाईतर नको लावू. ह्या बंकटशी लाव, दुसऱ्याशी लाव, न्हाईतर एकली ऱ्हा. पर तुज्या मनानं कर. त्यानं दिलेलं घिऊ नगंस." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अमीनसाहेब, तुमी सरकारचं मानूस. पंचानं इचारलं तर काय सांगाल?"

खोटं पकडायला सरकार मला पगार देत होतं. मी जानकीबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या बुटांकडे बघत होत्या.

"मेला म्हणून सांगेन," मी म्हणालो.

"आन् बाई, तुमी?"

"मी नर्स आहे, आजी," जानकीबाई म्हणाल्या. "मेलेलं माणूस मला ओळखता येतं."

सटवा हलला नाही, म्हणून बंकट उठला आणि आडावरून घागर भरून आणली. बायडाबाईनं ती त्याच्या हातातून घेतली. सासूचं डोकं मोकळं केलं, पाठीवर केस पसरले आणि वरून पाणी सोडलं. भामाबाई थंड पाण्यानं शहारल्या आणि मग रडू लागल्या, मेलेल्या पोरासाठी बाई रडते तशा, मोठ्यानं, नाव घेऊन.

आवाज ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. पदर डोक्यावर घेऊन त्या भोवती बसल्या आणि त्याही रडू लागल्या.